मी वर झालो की माग थांबतो

झेंडा म्हटलं की, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर उंच खांब येतो, सलामी येते, बिगुल येतो. मी त्या घराण्यातला नाही. हातभर लांबीची काठी आणि तिला चार खिळ्यांनी ठोकलेला विटक्या लाल कापडाचा तुकडा, एवढाच माझा थाट. एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे आणि दुसरा कोपरा उंदराने चाखून, बहुधा चव न आवडल्यामुळे, सोडून दिला आहे. मला जुना म्हणा, विटका म्हणा, पण निरुपयोगी म्हणू नका. एका रविवारी भर दुपारी माझ्या मदतीने नऊ माणसं पाण्याच्या तोंडातून सुखरूप परत आली. खरं सांगायचं तर ती आधी अडकलीही माझ्यामुळेच. तेही सांगणार आहे. माझा धंदाच मुळी लांबून दिसण्याचा, त्यामुळे लपवाछपवी मला जमत नाही.

माझा जन्म यंत्रमागांच्या शेडमध्ये झाला. एका छपराखाली चौतीस माग. प्रत्येक मागावर धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे धाडधाड आपटत असायचा. अशा जागी माणसाने माणसाच्या कानात ओरडलं तरी शब्द पोचत नाही. मग तिथल्या विणकरांनी ओरडणंच सोडून दिलं. ते हातांनी बोलायचे आणि एकमेकांचे ओठ वाचायचे. दोन बोटं जुळवून ताडकन वेगळी केली की धागा तुटला. मूठ आवळून छातीपाशी धरली की थांब, हात लावू नकोस. अंगठा खांद्यावरून मागे नेला की यंत्राच्या मागच्या बाजूने ये. कामाचंच बोलायचे असं मुळीच समजू नका. सुनेचं बाळंतपण, जावयाची बढती, शेजारणीचा खाष्टपणा, सगळं चार माग ओलांडून पलीकडे जायचं आणि आवाजाचा एक थेंब सांडायचा नाही.

तरीही प्रत्येकाची नजर प्रत्येक वेळी समोर असेलच असं नाही. माग बिघडला तर सगळ्यांना कळणार कसं? त्यासाठी झेंडे आले. चौदा नंबरच्या मागावर एका जाड लाल कापडाचा शेवटचा तुकडा उरला होता. तो मागवाल्या बाईने कापून दिला, फिटरने काठीला ठोकला, आणि मी झालो.

त्या बाईला सगळी शेड मावशी म्हणायची. अंगाने काटक, बोलायला कमी, हसायला पटकन तयार. फिटरला म्हणायचे पानेकाका, कारण त्यांच्या खिशात झोपेतसुद्धा पाना असावा असा सगळ्यांचा संशय होता. या दोघांनी माझ्यासाठी जो नियम घालून दिला तो शेडमधल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडला. एकाच पट्ट्यावर सगळी रांग चालायची, म्हणून एक माग उघडायचा तर शेजारचेही थांबायला हवेत, नाहीतर आत घातलेला हात जायचा. तेव्हा मी वर झालो की विणकरांनी माग बंद करून आहे तिथे थांबायचं, जागचं हलायचं नाही, आणि फिटरने माझ्याकडे धावत यायचं. सव्वीस वर्षं मी वर होत राहिलो आणि त्या रांगेत एकाचंही बोट गेलं नाही. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

बोटं वाचली, पण कान गेले. मावशींचे तर फारच. आधी पाखरांचा आवाज गेला, मग दारावरची घंटा, मग नातीची हाक. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता जे उरलंय ते सांभाळा. मावशी हातांनीच पानेकाकांना म्हणाल्या, "सांभाळायला उरलंय तरी काय, मागाचा खडखडाट. तो मला डोळे मिटले तरी ऐकू येतो."

पुढे मागांवर तांबडे दिवे बसले. बटण दाबलं की दिवा लागतो, फिटर येतो. झेंड्यांची गरज संपली. आम्ही सगळे हत्यारांच्या कपाटात जाऊन पडलो, तेलाच्या चिंध्यांशेजारी. माझ्या भावंडांच्या बघता बघता चिंध्या झाल्या. मीही त्याच वाटेला लागणार होतो. एका सकाळी कोणीतरी मला उचलून यंत्र पुसायला सुरुवातही केली, तो तेलाचा डाग तेव्हाचाच. पानेकाकांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. चार वर्षं मी तिथे पडून होतो. फळीवरून खिडकी दिसायची नाही.

आणि मग सहल निघाली.

शेडला नवे देखरेख साहेब आले होते. वयाने लहान, म्हणून सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीची यादी करायची खोड होती. शनिवारी दुपारी निघायचं, डोंगराच्या पायथ्याशी विश्रामगृहात मुक्काम, रविवारी धबधबा बघून परत. शेडमधले तेरा विणकर, ऑफिसातले सात जण, पानेकाका आणि ते स्वतः, असे बावीस. याद्या झाल्या, बसमधल्या जागांना नंबर पडले, गोळ्यांची पेटी भरली. शेवटी एक यादी फळ्यावर लागली, तिच्यावर लिहिलं होतं, 'चढ न चढता बसमध्ये थांबणारे'. त्या यादीत एकच नाव होतं. मावशींचं.

पानेकाका तडक साहेबांच्या टेबलापाशी गेले.

"मावशींचे गुडघे तुमच्या-माझ्यापेक्षा बरे आहेत," ते म्हणाले. "मग बसमध्ये कशाला?"

"गुडघ्यांचं नाही हो काका. डोंगरातली वाट आहे. मागून 'सांभाळा' म्हणून ओरडलं तर त्यांना ऐकू येणार आहे का? उद्या काही झालं तर जबाबदारी माझी."

"पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होतायत. ही त्यांची पहिली सहल, आणि शेवटचीसुद्धा."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांचेही ओठ वाचले होते. त्या आत आल्या आणि क्वचितच वापरायच्या त्या आपल्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "साहेब, मला माझ्या मुलीनं सांगितलंय की मोठा धबधबा कानांनी नाही ऐकू येत, छातीत ऐकू येतो. तीस वर्षं मी फक्त माग ऐकला. एकदा दुसरं काहीतरी ऐकायचंय. बसमध्ये बसून ते होणार नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं. पण माझ्या पाठोपाठ राहायचं. आणि सगळ्यांना लांबून दिसेल असं हातात काहीतरी हवं मला."

पानेकाका कपाटाकडे गेले आणि फळीवर हात घातला. मित्रांनो, चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

शनिवारच्या प्रवासाचं वर्णन करत बसत नाही. गाणी झाली, भेंड्या झाल्या, ऑफिसातल्या टेलिफोनवाल्या बाईंना घाटात मळमळलं आणि गोळ्यांच्या पेटीत नेमकी तीच गोळी नव्हती. मला खिडकीतून बाहेर धरलं होतं. वारा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी गावातला एक वाटाड्या बरोबर आला. झुपकेदार मिशा, डोक्याला फडकं. निघण्याआधीच त्याने सगळ्यांना बजावलं, "ओढ्याचं पाणी तांबूस झालं की दगडांवर पाय ठेवायचा नाही. वर माथ्यावर ढग फुटला की खाली पाणी चढतं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिली गंमत पायवाटेच्या सुरुवातीलाच झाली. साहेबांनी ऐटीत मला वर केलं. म्हणजे, चला, माझ्यामागून या. ऑफिसवाले चालू लागले. विणकर मात्र तेराच्या तेरा जागच्या जागी थिजले. एकाचा पाय तर उचललेला, तो तसाच हवेत. आणि पानेकाका खिशातून पाना काढून साहेबांकडे धावले.

"काय झालं काका?" साहेब दचकून म्हणाले.

"मला काय विचारता? झेंडा तुम्ही वर केलात. तुम्हाला काय झालं?"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. साहेबांनी समजावून सांगितलं की इथे झेंडा वर म्हणजे 'चला'. विणकरांनी पुन्हा माना डोलावल्या. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि ही तर सगळी सुताची माणसं. मला मनातल्या मनात मोठी मौज वाटली. चार वर्षं फळीवर पडून राहिलो तरी माझा हुकूम अजून चालत होता.

दोन तास चढलो. मग तो आवाज सुरू झाला. आधी हवेत गुणगुण, मग जमिनीत थरथर, आणि वळण संपल्यावर समोर डोंगराची अख्खी भिंत पांढऱ्या पाण्याने भरलेली. तिथे बोलणं संपलं. शेजारच्याचं तोंड हलताना दिसे, शब्द मात्र नाही. ऑफिसवाले गोंधळून एकमेकांच्या कानाला लागले. विणकरांना काहीच फरक पडला नाही. त्यांच्या हातांनी गप्पा पुढे चालू झाल्या. ते रोजच्या कामावर आल्यासारखे मोकळे झाले.

धबधब्याच्या जवळ जायला ओढा ओलांडायचा होता. पाण्यात ओळीने सपाट दगड रचले होते. वाटाड्या माथ्यावरचे ढग बघायला जरा मागे गेला होता. साहेबांना धीर निघेना. मला पुढे धरून, ऑफिसातल्या सातांना मागे घेऊन ते पलीकडे गेले, तिथल्या सपाट खडकावर चढले आणि बाकीच्यांनी यावं म्हणून त्यांनी मला पूर्ण हात उंच करून वर धरलं.

मी वर झालो. विणकर थांबले.

जे व्हायचं तेच झालं. तेराही जण अलीकडच्या काठावर खांबासारखे उभे. मावशी पहिल्या दगडावर होत्या, त्यांनी पाऊल मागे घेतलं. आणि पानेकाका, सव्वीस वर्षांची सवय, दगडांवरून उड्या मारत माझ्याकडे धावत आले. ते पोचले आणि त्यांच्या मागचा दगड दिसेनासा झाला.

पाणी तांबूस झालं होतं.

बघता बघता एकेक दगड बुडाला. पलीकडे आम्ही नऊ जण आणि मी, अलीकडे तेरा. आमच्या खडकाच्या कडेला पाणी टिचक्या मारू लागलं. काठावर वाटाड्या धावत आला, त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती फुटेस्तोवर ओरडला. आमच्यापर्यंत काय पोचलं? काही नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांनाही ऐकू आलं नसेल.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पाणी अजून गुडघाभर आहे, आत्ताच हात धरून पार होऊ, असं त्यांनी खुणेने सांगितलं आणि एक पाय पाण्यात घातला. मी अजून त्यांच्याच हातात होतो. मित्रांनो, मी तेव्हा पहिल्यांदा मनापासून घाबरलो. झेंड्याला कोण पकडतो यावर त्याची अक्कल अवलंबून असते.

पानेकाकांनी एका हाताने साहेबांची कॉलर पकडून त्यांना मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने मला घेतलं. मग त्यांनी मला शेडमधल्यासारखं वर धरलं, सरळ, न हलवता. याचा अर्थ त्या काठावरच्या तेरा जणांना ठाऊक होता. माग बिघडलाय. इकडे बघा.

मावशी उंच दगडावर चढल्या.

त्यांनी वाटाड्याला समोर उभं केलं आणि त्याचे ओठ वाचायला लागल्या. पण त्याच्या मिशा ओठांवर आल्या होत्या. मावशींनी क्षणभर वाट बघितली, मग सरळ आपल्या दोन बोटांनी त्याच्या मिशा वर केल्या. तो बिचारा मिशांना हात लागल्यावरही बोलत राहिला, हे त्याचं मोठेपण. हे सगळं आम्हाला पलीकडून स्पष्ट दिसत होतं.

मग मावशी आमच्याकडे वळल्या आणि त्यांचे हात बोलू लागले.

दोन बोटं जुळवून ताडकन वेगळी. खालचा धागा तुटलाय. म्हणजे दगडांची वाट संपली. मूठ छातीशी. हात लावू नका, पाण्यात उतरू नका. मग वरच्या रुळाची खूण, त्या रुळावरून कापड पुढे सरकतं. वर रूळ आहे, दोन्ही बाजूंना पक्का. पानेकाकांनी भुवया उंचावल्या, मग मान डोलावली. वर पूल आहे. शेवटी अंगठा खांद्यावरून मागे. यंत्राच्या मागून ये.

पानेकाका वळले. आमच्या मागे एक काळा कातळ होता, घराएवढा. त्याच्या मागे जायचा रस्ता असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ते कातळाला वळसा घालून गेले आणि दोन श्वासांत परत आले. तिथे खडकात खोदलेल्या पायऱ्या होत्या, गवताने झाकलेल्या.

त्यांनी मावशींना एकच खूण केली. नऊ बोटं. मावशींनी नऊ बोटं मोजून परत दाखवली. हिशेब जुळला.

आम्ही चढलो. पानेकाका पुढे, मी त्यांच्या हातात, साहेब सगळ्यांच्या मागे, कोणी मागे राहू नये म्हणून. पलीकडच्या काठाने मावशी आणि बाकीचे त्यांच्या वाटेने चढत होते. प्रत्येक वळणावर झाडांच्या फटीतून मी दिसायचो आणि पलीकडून मावशींचा हात दिसायचा. अर्ध्या वाटेवर मागे वळून बघितलं, तर आम्ही उभे होतो तो सपाट खडक पाण्याखाली गेला होता. टेलिफोनवाल्या बाई रडू लागल्या आणि चढतही राहिल्या.

वर लोखंडी पूल होता. दोन्ही बाजूंची माणसं एकाच वेळी पुलाच्या दोन टोकांना आली आणि मधोमध भेटली. गळाभेटी झाल्या, पाठीवर थापा झाल्या, वाटाड्याने आपल्या मिशा नीट केल्या. आणि समोर, डोळ्यांच्या रेषेत, सबंध धबधबा. खालच्या खडकावरून त्याचा पायथाच दिसला होता. पुलावरून तो माथ्यापासून तळापर्यंत दिसत होता, आणि त्याच्या तुषारांनी पूल, माणसं आणि मी, सगळे चिंब झालो होतो.

मावशींनी पुलाच्या कठड्यावर दोन्ही तळवे ठेवले. मग कपाळ टेकलं. लोखंडातून तो आवाज त्यांच्या हातांत, हातांतून छातीत गेला असणार, कारण त्या जोरात हसल्या. मागे वळून त्यांनी पानेकाकांना खूण केली. छातीवर तळवा, आणि मग कानाला बोट.

"ऐकू आला," पानेकाकांनी साहेबांना त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

साहेब दोन पावलं पुढे आले. मग त्यांनी मला पानेकाकांच्या हातातून घेतलं, मावशींच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि ओठ नीट उघडून सावकाश म्हणाले, "मावशी, खाली जाताना पुढे तुम्ही. आम्ही तुमच्या मागून."

मित्रांनो, आयुष्यात माझी अनेकदा तारीफ झाली. पण तो डोंगर मी मावशींच्या हातात, सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर टेकून उतरलो, त्याची सर कशालाच नाही. त्यांनी मला वाटेत एकदाही वर केलं नाही. त्यांना माहीत होतं की मी वर होतो ते कशासाठी.

सोमवारी शेड पुन्हा सुरू झाली. साहेबांनी फळ्यावरची ती यादी स्वतः पुसली. त्यानंतर महिनाभर, रोज जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातले सातही जण चौदा नंबरच्या मागापाशी येऊन मावशींकडून हातांचं बोलणं शिकले. साहेबांची बोटं सगळ्यांत ताठ. मावशींच्या नाकी नऊ आले, पण त्यांनी सोडलं नाही.

मावशींच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी साहेब शेडच्या मध्यभागी आले. भाषण नाही, हार नाही. त्यांनी फक्त मला वर केलं. मावशींचा माग थांबला, शेजारचा थांबला, रांग थांबली, मग दुसरी रांग, तिसरी, चौतीसही. चार वर्षं दिव्यांवर चालणारी शेड माझ्या एका इशाऱ्यावर थांबली आणि तिथे इतकी शांतता झाली की एखाद्याला टाचणी पडलेली ऐकू आली असती. मग त्या शांततेत कोणी एक शब्दही बोललं नाही. शेडमधल्या आणि ऑफिसातल्या मिळून बावन्न माणसांनी एकदम छातीवर तळवा ठेवला. शेडच्या भाषेत नुसत्या तळव्याचा अर्थ, मी इथे आहे.

मावशींनी तो निरोप शेवटच्या रांगेपर्यंत डोळ्यांनी वाचला. मग हात उंचावून त्यांनी पट्टा चालू करायची खूण केली, आणि शेड पुन्हा गर्जू लागली.

आता मी कपाटात नाही. शेडच्या दाराशी, हाताला येईल अशा खुंटीवर मला टांगलं आहे. नवीन आलेल्यांना पानेकाका आधी मला दाखवतात, मग यंत्र. माझं कापड विरलं आहे, खिळे गंजले आहेत. पण मी स्वतःसाठी काही मागणार नाही, माझं सगळं झालं. मागायचं आहे ते मावशींसारख्या माणसांसाठी. तुमच्या घरात, शेजारात असे थकलेले कान असतीलच. त्यांना मागून हाका मारून चिडू नका, आणि बसमध्ये ठेवून पुढे जाऊ नका. दोन पावलं चालून त्यांच्या समोर या, तुमचा चेहरा त्यांना दिसू द्या, आणि मग बोला.